हौसाने हात सोडला

शूर माणसांचं मला वावडं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यात एवढे सत्कार पाहिले की शाल-श्रीफळाचं ताट दिसलं तरी मी मागच्या खुर्चीवर सरकते. सत्कारमूर्ती बहुतेक वेळा सत्कार ठेवणाऱ्याचा मेहुणा असतो. तेव्हा आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी हौसा शूर आहे असं मी जे लिहिते आहे, ते बरंच मागेपुढे पाहून लिहिते आहे.

आमची शाळा दिघाशी गावाच्या वर, डोंगराच्या अंगावरच्या पाड्यावर. चौथीपर्यंत वर्ग, दोन खोल्या, एकोणतीस मुलं आणि मी. राहते भिवंडीत, ब्राह्मण आळीत. रोज स्कूटरवर ये-जा. हौसा शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांचा पोषण आहार शिजवते. वय पन्नाशीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही. बुटकी, काटक, चालताना सतत कुठेतरी उशीर झाल्यासारखी चालते. मला 'बाई' म्हणते आणि 'तू' म्हणते, कारण तिच्या बोलीत थोरामोठ्यांनाही तू. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना ती म्हणाली, "तू चपला भायेर काढ." साहेबांनी काढल्या.

स्वभावाने ती गोड वगैरे मुळीच नाही. मुलांनी ताटात शितं टाकली तर ओरडते, माझ्या वर्गात गोंधळ वाढला तर शेडमधून मलाच दम देते. ख्रिस्ती बाई म्हटल्यावर पांढरी साडी, हळू आवाज आणि डोळ्यांत करुणा असं चित्र ज्यांच्या डोक्यात येतं, त्यांनी ते बाजूला ठेवावं.

ती ख्रिस्ती झाली त्याची गोष्ट तिच्या नवऱ्यापासून सुरू होते. सहा वर्षांपूर्वी श्रावणात बाबू सकाळी उठला तो पोट धरूनच. घरच्यांना वाटलं, काहीतरी बाधलं. त्याला देवू भगताकडे नेलं. देवू हा पाड्यावरचा जाणता म्हातारा. सुपात तांदळाचे दाणे टाकून दुखण्याचं मूळ बघतो. त्याने दाणे बघितले, वाडवडील रुसलेत म्हणाला, कोंबडा मागितला. दुपारपर्यंत बाबूच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, आणि संध्याकाळच्या आत श्वास थांबला. दुसऱ्या दिवशी हौसाने त्याची गोधडी झटकली तेव्हा आतून साप पडला. काळा, अंगावर पांढरे बारीक पट्टे. मण्यार.

मण्यारीचं असं असतं की ती झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं त्याला कळतही नाही. सूज नाही, आग नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, आणि लोक काल काय खाल्लं ते आठवत बसतात. हे सगळं मला नंतर पुस्तकात मिळालं. हौसाला गोधडीत मिळालं.

ती तशीच देवूच्या अंगणात गेली आणि चार माणसांसमोर म्हणाली, "मामा, माझा माणूस तू मारलास." त्यानंतर तिने त्या अंगणात पाऊल ठेवलं नाही.

शेजारच्या मंगळीच्या ओट्यावर तेव्हा दर रविवारी प्रार्थना सुरू झाली होती. हौसा तिकडे जाऊन बसायला लागली. का, असं मी एकदा विचारलं. वाटलं होतं, काहीतरी मोठं ऐकायला मिळेल. ती तांदूळ निवडत म्हणाली, "तिथं मला कोनी कोंबडा आन म्हनला न्हाय." पुढे जे काही झालं असेल ते तिचं आणि तिच्या देवाचं, मी खोदून विचारलं नाही. पाड्याने या विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मंडळींवर बहिष्कार वगैरे टाकला नाही. लग्नात हळदीला बोलावणं तेवढं बंद झालं, आणि यांच्या घरात कोणी आजारी पडलं की समोरच्या ओट्यांवर माणसं जरा जास्त वेळ बसायला लागली.

प्रार्थना घ्यायला शहरातून पास्टर शरच्चंद्र येतो. माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. वडील नगरकडून भिवंडीत लूमवर कापड विणायला आले, हा गोदामात डिस्पॅचला लागला. सहा दिवस खोक्यांवर पट्ट्या चिकटवतो, सातव्या दिवशी मोटरसायकलवरून डोंगर चढतो, आणि त्याचं कोणाकडून काही घेत नाही. पोरगा मनाचा स्वच्छ. फक्त बोलायला लागला की गोदामाचं शटर उघडल्यासारखा आवाज येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याने एकच विषय लावून धरला होता : पाचारण. देव माणसाला हाक मारतो, आणि ती हाक शूर होण्यासाठी असते. "तुमच्यातला प्रत्येक जण वीर आहे! या आठवड्यात कोणी कोणतं शौर्य केलं, पुढे येऊन सांगा!" मग एक जण सांगायचा की त्याने सात दिवस ताडी घेतली नाही. कोणी सांगायचं की ताप आला तरी भगताकडे गेलो नाही. हौसाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी खिचडी केली." सगळे हसले. पास्टरही हसला, आणि म्हणाला, प्रभू तुम्हाला मोठ्या कामासाठी तयार करतोय, हौसाबाई. तिने ते मला आमटीत मीठ कमी पडल्याच्या सुरात सांगितलं.

या मंडळींची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आजाऱ्यासाठी ते साखळी धरतात. आजारी माणूस मधोमध, बाकीचे गोल उभे राहून हातात हात घेतात, डोळे मिटतात आणि प्रार्थना करतात. पास्टर शेवटचं आमेन म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. वडिलांच्या लूमवरचा दाखला तो देतो : एक तार तुटली की सगळ्या कापडात फट राहते. ज्याने हात सोडला त्याच्यामुळे सगळ्यांची प्रार्थना वाया. साखळी चालू असताना एकदा पाऊस ओट्यावर आला, सगळे भिजले, पण कोणी हलला नाही. ही हकिगत ते अभिमानाने सांगतात.

तर त्याच पावसाळ्यातला, ऑगस्टमधला रविवार. मंगळीची मुलगी पूर्वा, माझ्या तिसरीतली, सकाळी पोट धरून उठली. दोनदा उलटी झाली. रात्री रानभाजी खाल्ली होती, मंगळीला वाटलं तीच बाधली. नवरा हरेश गोदामात ड्युटीवर. नऊ वाजता मंडळी जमली तेव्हा पोर ओट्यावर कुशीवर पडून कण्हत होती. समोरच्या ओट्यांवर नेहमीची माणसं येऊन बसली होती. त्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आता बघू यांचा देव काय करतो."

पास्टरने ते ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. मला वाटतं, खरी चूक तिथे झाली. आरोग्य केंद्र खाली दिघाशीत, पाच किलोमीटरवर. एरवी पास्टर स्वतःच मुलांना लस टोचायला न्या म्हणून मागे लागणारा. पण त्या दिवशी पोटदुखी मागे पडली आणि प्रश्न इज्जतीचा झाला. साखळी धरली.

हौसाचा डावा हात मंगळीच्या हातात होता, उजवा पास्टरच्या. पाऊण तास झाला. पूर्वाचं कण्हणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. पोर शांत पडली. पास्टरचा आवाज चढला, "दुखणं उतरतंय! प्रभूने ऐकलं!" आणि सगळ्यांनी हालेलुयाचं गाणं धरलं.

हौसाने डोळे उघडले. पूर्वा आईकडे बघायचा प्रयत्न करत होती, आणि त्यासाठी तिने हनुवटी वर केली होती. मान मागे टाकून, कपाळाला आठ्या घालून ती पापण्यांच्या खालच्या फटीतून बघत होती, कारण पापण्या वर जातच नव्हत्या. बाबूने शेवटच्या दुपारी हौसाकडे असंच बघितलं होतं.

तिने दोन्ही हात सोडले.

"हौसाबाई, हात," पास्टर डोळे न उघडता म्हणाला.

"गाडी बघाया पायजे. पोरीला मण्यार चावली हाय."

आता सगळ्यांचे डोळे उघडले. पास्टरने समजूत काढली, "विश्वास ठेवा. बघा ना, दुखणं गेलंय तिचं."

"दुखनं गेलं न्हाय, पास्टर. पोर चालली हाय." एवढं बोलून तिने वाकून पूर्वाला उचललं आणि ओट्यावरून खाली उतरली. चप्पल घालायला थांबली नाही.

मंगळी मागे धावली. ती रडत होती आणि शिव्याही देत होती. "उतरत व्हतं, हौसे! तू साखळी तोडलीस! माझ्या पोरीचं काय झालं तर तुझ्या नावानं बोंब मारीन मी!" ही कोणी वाईट बाई नाही. कोणतीही आई असल्या वेळी जो काही आधार हाताशी असेल तो सोडायला तयार नसते. हिच्या हाताशी साखळी होती.

पाड्यावर त्या दिवशी एकच गाडी उभी होती. भरतचा टेम्पो. आणि भरत म्हणजे देवू भगताचा मुलगा. हौसा अंगणाच्या कडेला पोचली आणि थांबली. भरत म्हणतो, दोन श्वास थांबली असेल. मग आत आली. देवू ओट्यावर विडी ओढत होता.

"मामा, तुझा भरत हाय का घरात?"

देवू उठला. पोरीच्या तोंडाकडे बघितलं, अंगठ्याने तिची पापणी वर केली, आणि अंगठा काढल्यावर ती पुन्हा पडली. सुपाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. "भरत, गाडी काढ," तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "हौसे, बाबूच्या येळी मला कळलं न्हवतं."

"ते मंग बोल, मामा. आधी गाडी."

आरोग्य केंद्रात रविवारी सामसूम असते. डॉक्टरीणबाई मागच्या क्वार्टरमध्ये कपडे वाळत घालत होत्या, त्या ओल्या हातांनी धावत आल्या. पुढचं बोलणं त्यांनीच मला सांगितलं.

"साप पाहिला?"

"न्हाय."

"चावल्याची खूण?"

"न्हाय."

"मग कशावरून म्हणता?"

"तिला तुझ्याकडे बघ म्हन. पोर कशी बघते ते बघ."

डॉक्टरीणबाईंनी एकदाच बघितलं आणि सापाच्या विषावरची लस काढायला धावल्या. ती चालू करून त्यांनी पूर्वाला रुग्णवाहिकेत घातलं आणि स्वतः शेजारी बसल्या. वाटेत पोरीचा श्वास थांबला. भिवंडी येईपर्यंत बाई हाताने पिशवी दाबून तिच्या छातीत हवा भरत होत्या. भिवंडीहून ठाण्याला. चार दिवस व्हेंटिलेटर. मला त्या म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर श्वास पाड्यावरच थांबला असता, आणि तिथे पिशवी नव्हती.

टेम्पोतून सोबत आलेल्या मंगळीला रुग्णवाहिकेत घेतलं, भरत टेम्पो घेऊन मागोमाग गेला. हौसाला जागा नव्हती. ती अनवाणीच डोंगर चढून परत आली. मंडळी पांगली होती. तिच्या चपला कोणीतरी ओट्याखालून उचलून बाहेर रस्त्यावर टाकल्या होत्या. तिने त्या घातल्या आणि घरी गेली.

सोमवारी ती शाळेत वेळेवर आली. मला एवढंच म्हणाली, "बाई, पूर्वाची हजेरी नको मांडू, ती ठान्याला हाय." बाकीचं सगळं मी तिच्याकडून, भरतकडून आणि डॉक्टरीणबाईंकडून तुकड्यातुकड्याने गोळा केलं.

सोळा दिवसांनी पूर्वा परत आली. बारीक झालेली, पण तशीच बडबडी. 'देव तारी त्याला कोण मारी,' असं पाडा म्हणाला. त्यालाही माझी हरकत नव्हती. हरकत आली ती फोनवर आलेल्या एका व्हिडिओच्या फितीने. पास्टरच्या मंडळींपैकी कोणीतरी ती बनवून पाठवली होती. पूर्वाचा फोटो, मागे संगीत, आणि मोठी अक्षरं : विषारी मण्यारीचं विष साखळी प्रार्थनेने उतरलं! त्यात लस नव्हती, डॉक्टरीणबाई नव्हत्या, भरत नव्हता. हौसाचा तर पत्ताच नव्हता. खाली साक्षीच्या सभेचं आमंत्रण, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी.

मला राग आला. असा आला की मी फोन घेऊन थेट शेडमध्ये गेले. "हौसाबाई, हे बघा! आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

तिने फीत पूर्ण बघितली. संगीत आवडलं तिला. "पोर आली ना घरी," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली. माझा राग तसाच राहिला, त्याला घ्यायला कोणी नव्हतं.

ती गप्प राहिली असती, आणि मग मला हे लिहायचं कारणही पडलं नसतं. पण दोन दिवसांनी खालच्या पाड्यावरचा लडकू नातवाला न्यायला शाळेत आला. म्हातारा विश्वासी वगैरे नाही, जुन्या देवांचा माणूस. शेडच्या दाराशी टेकून हौसाशी गप्पा मारत होता. म्हणाला, "बरं झालं बाय तुमचं. आता साप चावला तर मंगळीच्या वट्यावर न्यायचं. दवाखाना न्हाय, कोंबडा न्हाय. हात धरला का विष खाली."

तो गेल्यावर हौसाने हातातली पळी खाली ठेवली. "बाई," ती म्हणाली, "हा पुढला मरल."

त्या दिवसापासून सभेपर्यंत तिचं कामात लक्ष नव्हतं, आणि कशामुळे ते मला कळत होतं. बोलावं तर ही माणसंही जाणार. भगताच्या अंगणात भांडून आलेली बाई, हळदीची बोलावणी गेलेली. लेक दिपिका खारबावला सासरी. तिच्याजवळ बसून जेवणारी माणसं जगात एवढीच उरली होती, ओट्यावरची वीस-बावीस. चपला त्यांनी आधीच एकदा बाहेर टाकल्या होत्या. न बोलावं, तर लडकू. किंवा त्याचा नातू, माझ्या पहिलीतला.

शनिवारी जाताना ती म्हणाली, "उद्या तू ये. मागं बस, पन ये."

मी गेले. मंडप घातला होता, शहरातून आणि खारबावहून पाहुणे आले होते, कीबोर्डवाला होता, माईक होता. पास्टर बोलला, मोठ्या आवाजात आणि मनापासून. एक सांगते, तो खोटं बोलत नव्हता. पूर्वा ठाण्याला होती तितके दिवस रोज शिफ्ट संपल्यावर तो तिकडे जाऊन बसला होता, आणि एक वेळ उपाशी राहत होता. त्याने पाऊण तास प्रार्थना केली आणि पोर वाचली. या दोन गोष्टींच्या मधलं त्याला दिसतच नव्हतं. मग मंगळी बोलली, रडली, मंडपातल्या बायका रडल्या. "अजून कोणाला साक्ष द्यायची आहे?" पास्टरने रीतीप्रमाणे विचारलं.

हौसा उठली. माईक हातात घ्यायचं माहीत नव्हतं, तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"मला बोलाया येत न्हाय," ती म्हणाली. "पोरीला देवानं वाचवलं, ते खरं हाय. मी बी रोज त्याचंच नाव घेते. पन विष हात धरून उतरलं न्हाय. विष लसनं उतरलं. लस दिघाशीला हाय, भरतची गाडी हिथं हाय, हे बी देवानंच ठेवलेलं हाय. आमी पाऊन तास घालवला. तो पोरीचा व्हता."

पास्टर माईक घ्यायला पुढे झाला, आणि तिने तो छातीशी ओढून घेतला.

"पास्टरवर मी बोट दावत न्हाय. त्याला म्हाईत न्हवतं. मला म्हाईत व्हतं. सकाळी पोट दुखतंय म्हनले, तवाच माझ्या मनात बाबू आला. तरी मी हात धरून उभी. समोरचे हसतील, तुमी काय म्हनाल, साखळी तुटंल. गानं संपू दे म्हनलं. गानं संपलं तर दुसरं गानं. डोळे उघडाया भ्याले. पोर मेली असती तर ती मी मारली असती, कोनी दुसऱ्यानं न्हाय." ती थांबली. मग बाहेर मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या पाड्यावरच्या बघ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "लडकूभाऊ, साप चावला तर हिथं नको आनू. दिघाशीला ने."

पहिल्या ओळीतल्या एका पाहुण्याने कीबोर्डवाल्याला खूण केली. गाणं सुरू झालं. पास्टरचा चेहरा पांढरा पडला होता. तो गायला नाही, पण त्याने गाणं थांबवलंही नाही.

जेवणाच्या पंगतीत हौसाच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. एका बाजूला मी बसले. मंगळी समोरून वाढत गेली आणि हिच्या पानात न बघता डाळ टाकून गेली. हौसाने दोनदा डाळ मागून घेतली, तिची भूक कधी हरवत नाही. मी म्हटलं, "हौसाबाई, फार शूर आहात तुम्ही." आयुष्यात पहिल्यांदा मी हे कोणाला मनापासून म्हणत होते.

"शूर असते तर आधीच सोडला असता हात," ती म्हणाली, आणि भात कालवायला लागली.

त्यानंतरचे रविवार तिच्यासाठी कठीण गेले. कोणी ये म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. ती जायची आणि ओट्याच्या पायरीवर बसायची. साखळी धरली की तिच्याशिवाय गोल पुरा व्हायचा. म्हणजे ना घरका ना घाटका. मी म्हटलं, कशाला जाता मग? ती माझ्यावरच खेकसली, "देव काय पास्टरचा हाय?"

पास्टर तिच्याशी बोलत नव्हता. शौर्याची प्रवचनं मात्र त्याने बंद केली. वीर, पाचारण हे शब्दच त्याच्या तोंडून गेले. माझ्याकडे एकदा त्याने मण्यारीचं पुस्तक मागितलं. मी दिलं. वाचून त्याने ते परत केलं.

ऑक्टोबरच्या शेवटी भातकापणी चालू होती. शनिवारची सकाळची शाळा. पास्टरची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, म्हणून तो सकाळी मंगळीच्या शेतावर कापणीला आला होता. दहाच्या सुमाराला खालच्या वाटेवरून आरडाओरडा ऐकू आला. चार माणसं लडकूच्या बायकोला, धोंडूबाईला, झोळीतून आणत होती. भाताचा भारा उचलताना हाताला साप चावला होता. हात कोपरापर्यंत टरारला होता. सभेत हौसाने सांगितलेलं लडकूच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं, किंवा त्याला आधी ऐकलेलंच जास्त पटलं होतं. त्यांनी झोळी दिघाशीच्या उलट दिशेने वर चढवली आणि मंगळीच्या ओट्यावर आणून ठेवली.

मी मुलांना वर्गात कोंडून धावले. हौसा माझ्या पुढे होती. ओट्यावर विश्वासी मंडळी जमली होती, शेतातून तशीच, हातात विळे. सवयीने माणसं गोल उभी राहायला लागली. समोरच्या ओट्यांवरही माणसं होती, नेहमीसारखी.

लडकूने पास्टरपुढे स्वतःचा हात केला. "पास्टर, धर हात. लवकर सुरू कर."

पास्टरने त्या हाताकडे बघितलं. मग गोल उभ्या माणसांकडे, मग समोरच्या ओट्यांकडे. त्याचे ओठ हलत होते. हौसा पायरीपाशी उभी राहिली, त्याच्याकडे बघत. मला ओरडावंसं वाटत होतं.

"भरतला हाक मारा," पास्टर म्हणाला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, सगळ्यांना ऐकू गेला नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "गाडी आणा. प्रार्थना गाडीत करू."

समोरच्या ओट्यावरून कोणीतरी हसलं. पास्टरने झोळीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मागचं हौसाने. टेम्पो आला, धोंडूबाईला आत निजवलं, आणि पास्टर बाहेरच उभा राहिला, फळीला हात लावून, काहीतरी बोलायचं असल्यासारखा. "हौसाबाई," तो म्हणाला, "मी त्या दिवशी..."

"चढ ना लवकर," हौसा आतून म्हणाली.